तांडेलांचे स्वतःचे बूट

ज्या माणसाचा डावा पाय कारखान्यानं खाल्ला आणि वर ढेकरही दिला नाही, त्या माणसाबद्दल मी शांतपणे बोलेन अशी कुणाची अपेक्षा असेल तर त्यानं इथंच थांबावं. मला ते जमणार नाही. इतकी वर्षं झाली, तरी मारुतराव साबळ्यांचं नाव निघालं की माझं डोकं तापतं. बायको म्हणते, "पुरं आता, बीपी वाढंल." वाढू दे.

बारामतीहून इंदापूरकडं जाताना, इंदापूर जवळ आल्यावर, रस्त्याला लागून कागदाचा एक कारखाना होता. नाव सांगत नाही. तो दोनदा विकला गेला, पाटी बदलली, आता तिथं काय होतं मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. त्या कारखान्यात मी बंबाचा ड्रायव्हर होतो. साखर कारखान्यांत ऊस पिळून जो भुसा उरतो, ज्याला आमच्याकडं सगळे बगॅस म्हणतात, त्याच्या गाठी ट्रॅक्टरनं आमच्या आवारात यायच्या आणि त्यापासून कागद व्हायचा. भुसा म्हटल्यावर आग आलीच. म्हणून कारखान्याची स्वतःची टोळी होती. एक बंब, मी, पाच फायरमन आणि त्यांचा मुकादम. आगीच्या कामात मुकादमाला तांडेल म्हणतात. आमचे तांडेल म्हणजे मारुतराव.

अंगानं किरकोळ माणूस. आग विझवणारा म्हटल्यावर डोळ्यांपुढं जो पैलवान येतो, त्याच्या निम्म्यानं. खिशात कायम फुटाणे. आगीवर जाताना बंबात माझ्या शेजारी बसून एकेक फुटाणा तोंडात टाकायचे आणि खिडकीतून नाक बाहेर काढून वास घ्यायचे. आगीला कधी आग म्हणायचे नाहीत. "ती" म्हणायचे. "ती गोडाऊनमधी न्हाय, ड्रायव्हर. रबराचा वास हाय. ती बेल्टावर बसलीया." आणि ती तिथंच असायची! मी पहिल्यांदा हसलो होतो. नंतर मी पण नाक बाहेर काढायला लागलो. मला डिझेलशिवाय कसलाही वास आला नाही.

दुसरी खोड म्हणजे नोटीस बोर्ड. ड्यूटीवर आले की आधी बोर्डासमोर उभे राहायचे आणि ओळीखाली बोट धरून प्रत्येक नोटीस मोठ्यानं वाचायचे. अगदी तळाच्या "प्रत माहितीसाठी" पर्यंत. माणसं गोळा व्हायची, चेष्टा करायची. "वाचा तांडेल, आमाला चष्मा न्हाय." ते वाचायचेच. त्यांच्या वडलांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली. सही करायला येत नव्हती त्या माणसाला, पण पोराला शाळेत घातलं आणि बजावलं की कागद वाचल्याबिगर अंगठा नको, सही नको. मारुतराव सातवीपर्यंत शिकले आणि ते बजावणं जन्मभर पाळलं. कुणी काही सांगितलं, सुट्टी बदलली, शिफ्ट बदलली, चहा बंद झाला, की त्यांचा एकच सवाल असायचा, "लिवलंय का कुठं?" आम्ही घरी बायकांना पण तसं म्हणायला लागलो होतो. भाजीत मीठ कमी पडलं म्हटलं की माझी बायको मला विचारायची, लिवलंय का कुठं.

आता ते कपाट.

एकदा कुठली तरी तपासणी झाली आणि टोळीला संरक्षणाची साधनं नाहीत असा शेरा पडला. महिनाभरात मुंबईहून खोकी आली. सहा कोट, सहा हेल्मेट, सहा जोड बूट. बूट काय होते! आत पोलादी पत्रा, जाड तळ, निखाऱ्यावर उभं राहावं असे. मारुतरावांनी एक बूट हातात घेऊन आत कोपरापर्यंत हात घातला आणि बराच वेळ काढलाच नाही. आम्हाला वाटलं, चला, आता आपल्याला मिळणार. मिळतायत कसले! सेफ्टीसाहेबांनी ऑफिसच्या बोळात काचेचं कपाट करून घेतलं, त्यात सगळं रांगेत मांडलं, वर ट्यूबलाइट लावली आणि कुलूप ठोकलं. पुढच्या वेळी तपासणीचे लोक आले तेव्हा त्यांना त्या कपाटासमोर खुर्च्या टाकून चहा दिला. सामान मळलं तर पुढच्या तपासणीला काय दाखवायचं, हा साहेबांचा हिशेब. आग लागल्यावर काय घालायचं हा हिशेब कुणाचाच नव्हता.

तो आम्ही आपापला सोडवला होता. कुणी पुण्याच्या जुन्या बाजारातून हेल्मेट आणलेलं, कुणी वेल्डिंगवाल्याचा चष्मा. हातमोजे बारामतीच्या एका चांभारकाम करणाऱ्या म्हाताऱ्याकडून शिवून घेतलेले. आणि पायात गमबूट. शेतकरी रात्री उसाला पाणी धरताना साप चावू नये म्हणून घालतात ते काळे रबरी गमबूट. इंदापूरच्या दुकानात टांगलेले असतात. पाणी आत येत नाही, चिखल लागत नाही. ते पाण्यासाठी केलेले असतात, आणि आम्ही ते विस्तवात घालत होतो.

मारुतरावांचा कोट मात्र सगळ्या पंचक्रोशीत नसेल असा होता. कागदाच्या मशीनवर लोकरीचा जाड पट्टा असतो, त्याला फेल्ट म्हणतात. झिजला की काढून टाकतात आणि कामगार तो घरी नेऊन अंथरायला, पांघरायला वापरतात. मारुतरावांनी असा एक फेल्ट घरी नेला आणि बायकोनं, शेवंताबाईंनी, त्याचा गुडघ्यापर्यंत कोट शिवला. दाभणानं शिवला, मशीनची सुई मोडली म्हणून. आगीवर गेलं की तो कोट बंबाच्या पाण्यानं भिजवायचा आणि अंगात घालायचा. लोकर वितळत नाही, पेटली तरी धुमसते. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. घरी चुलीत फेल्टाचा तुकडा टाकून बघितलं होतं.

सेफ्टीसाहेबांनी तो कोट पहिल्यांदा बघितला तेव्हा पोट धरून हसले. "काय तांडेल, मेंढी झालात का?"

"व्हय साहेब," मारुतराव म्हणाले. "मेंढीची लोकर अंगची असती, माझी बायकोनं शिवलीया. कंपनीची काचंत हाय."

साहेबांचं हसू तिथंच थांबलं. आम्ही बाकीचे सहा जण बंबाच्या मागं जाऊन हसलो.

त्या कोटात ते आसपासच्या खेड्यांवरच्या आगीत पण शिरायचे. आमचा बंब तालुक्यातून फोन आला की बाहेर जायचा. एकदा लोणी देवकरच्या बाजूला एका वस्तीवर घर पेटलं होतं. म्हातारी अंगणात लोळण घेत होती, "माझी पेटी! माझी पेटी आत ऱ्हायली!" मारुतरावांनी कोट भिजवला, टॉवेल तोंडाला बांधला आणि आत गेले. बाहेर आले ते गॅसची टाकी उराशी धरून. म्हातारीनं बघितलं आणि अशा शिव्या घातल्या की मी इथं लिहू शकत नाही. मारुतरावांनी टाकी लांब ओढ्यात नेऊन ठेवली, परत आले, म्हातारीसमोर हात जोडले. "आजी, पेटी जळली तर तुमची एकटीची. ही बया फुटली असती तर शेजारच्या चार घरांत कुणी शिव्या द्यायला बी उरलं नसतं." म्हातारी म्हणाली, "मग दोनी आणायचं की रं, मुडद्या!" पुढं कितीतरी दिवस मारुतराव हे स्वतःवरच सांगून हसायचे.

असा हुशार माणूस. कागद वाचल्याशिवाय पाऊल न टाकणारा. तो फसला कसा, हे सांगताना मला आजही लाज वाटते, कारण त्याला फसवलं जात होतं तेव्हा आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो.

दसऱ्याला आमच्याकडं यंत्रांची पूजा व्हायची. बंबाला हार, पंपाला हळदकुंकू, आणि ते काचेचं कपाट उघडून सहा हेल्मेटांना, सहा जोड बुटांना हळदकुंकवाची बोटं. वर्षातून त्या एकाच दिवशी ते कपाट उघडायचं. मारुतराव पूजेला बसत नसत. बाजूला उभे राहायचे, आणि सगळं झालं की पुढं होऊन हेल्मेटला खाडकन सॅल्यूट ठोकायचे. "मी पूजा करत न्हाय, पर जे डोकं वाचवतं त्याला सलाम." त्यांचं ते बाजूला उभं राहणं काही लोकांना खुपायचं, आणि काही लोक मनातून म्हणायचे, बरंय, लांब उभा आहे. कोण ते नावानिशी सांगू शकतो. असो.

तर त्या दसऱ्याला सेफ्टीसाहेबांनी सगळ्यांसमोर मारुतरावांना पुढं बोलावलं, कपाटाची चावी त्यांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "आजपासून ही मारुतरावांकडं. कारखान्यात यांच्याइतका विश्वासू माणूस मला दिसत नाही. फक्त मला विचारल्याशिवाय उघडायचं नाही, एवढं बघा." टाळ्या झाल्या. फोटो निघाला. पेढे वाटले.

मारुतरावांनी विचारलं नाही. लिवलंय का कुठं, हे त्या दिवशी, एकदाच, त्यांनी विचारलं नाही. जन्मभर बाजूला उभं राहिलेल्या माणसाला भरल्या आवारात पुढं बोलावून चावी दिली, तो कसला कागद मागतोय? घरी गेल्यावर शेवंताबाईंना दाखवली म्हणे. कडदोऱ्याला बांधून ठेवली होती.

एप्रिलातली दुपार. दीड-दोनचा सुमार. बगॅसच्या ढिगाला आतून आग लागली. या भुशाची तऱ्हा अशी, की वरून गाठी थंडगार लागतात, हात ठेवून बघा, आणि चार हात खाली नुसता निखारा. वरून पाणी मारून भागत नाही, वर चढून गाठी उपसाव्या लागतात. मारुतरावांनी ढिगाकडं बघितलं, नाकानं वास घेतला आणि म्हणाले, "ती लई खोल गेलीया. आज कपाट उघडावं लागंल."

साहेबांना फोन मीच लावला. बंबाच्या शेडमध्ये आतला फोन होता, मी नंबर फिरवला आणि रिसीव्हर मारुतरावांच्या हातात दिला. साहेबांचा आवाज एवढा मोठा, की मला पलीकडं उभं राहून ऐकू येत होतं. "अहो, परवा तपासणी आहे! बगॅसची आग तुम्हाला नवीन आहे का? नेहमीसारखं करा." मारुतराव म्हणाले, "साहेब, बूट तरी." पलीकडून फोन ठेवला.

मारुतरावांनी कडदोऱ्याला हात लावला. मी बघितलं. चावी चाचपली, सोडली, आणि गमबुटात पाय घातले.

तासाभरानं वरच्या गाठी सरकल्या आणि आमचा एक फायरमन कमरेपर्यंत आत गेला. मारुतरावांनी त्याला काखेत धरून वर ओढला, फेकला म्हणा ना बाजूला, आणि त्या जोरात स्वतः डाव्या पायानं त्याच भोकात गेले. आम्ही दोर टाकून त्यांना काढेपर्यंत मिनिट झालं असेल. फेल्टाच्या कोटानं वरचं सगळं अंग वाचवलं. गमबूट मात्र वितळून नडगीला चिकटला होता. दवाखान्यात तो कापून काढायला गेले तर कातडं त्याच्याबरोबर आलं. आधी बारामती, मग पुणं, आणि पंधरवड्यानं पाय गुडघ्याखाली कापला.

आता मारुतरावांना हवं होतं ते एवढंच, की कंपनीनं लिहून द्यावं, हा माणूस आमच्या कामावर, आमच्या चुकीनं जखमी झाला. ते लिहिलं असतं तर भरपाई मिळाली असती, बसून करायचं काम मिळालं असतं. चौकशी झाली. मॅनेजरच्या केबिनमध्ये मला बोलावलं. पंखा जोरात चालू, टेबलावर त्या दसऱ्याचा फोटो ठेवलेला. तीन प्रश्न विचारले.

"घटनेच्या दिवशी सुरक्षा साधनांचं कपाट जागेवर होतं का?"

"होतं."

"त्यात बूट होते का?"

"होते."

"चावी कुणाकडं होती?"

"तांडेलांकडं. पण साहेबांनी फोनवर..."

"विचारलं तेवढंच सांगा."

आणि मी विचारलं तेवढंच सांगितलं. सही केली. माझ्या दोन पोरी तेव्हा शाळेत होत्या. हे कारण आहे, आणि ते पुरत नाही हे मला माहीत आहे. फोन मी लावला होता. मारुतराव सोडले तर तो आवाज ऐकणारा माझ्याशिवाय दुसरा कुणी नव्हता.

कंपनीचं पत्र आलं तेव्हा मी दवाखान्यात त्यांच्या खाटेशेजारी बसलो होतो. मारुतरावांनी नेहमीसारखं ओळीखाली बोट धरून मोठ्यानं वाचलं. सुरक्षेची साधनं पुरवलेली असताना, चावी स्वतःच्या ताब्यात असताना, आपण जाणूनबुजून खाजगी गमबूट वापरले, सबब झालेल्या इजेस कंपनी जबाबदार नाही. खाली "प्रत माहितीसाठी" होतं, ते पण वाचलं. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं ऐकत होती.

जाणूनबुजून! अरे, त्या हेल्मेटांवर तीन दसऱ्यांच्या हळदकुंकवाची पुटं होती. एकावर एक बसलेली. नखानं खरवडून मोजता आली असती. आगीत गेलेल्या हेल्मेटावर हळद राहते का? पण कपाटापर्यंत उठून जाऊन बघायला कुणी तयार नव्हतं, फोटोत सगळं छान दिसत होतं. स्वतःच्या पैशानं बूट घेऊन तुमचा माल वाचवला, तर तो त्याचा गुन्हा झाला. अनवाणी गेला असता तर तुम्ही काय म्हणाला असतात? हट्टी होता म्हणाला असतात.

मी म्हणालो, "मारुतराव, मी सही केली. माझं चुकलं."

ते पत्राची घडी घालत होते. "तुमी खोटं न्हाय बोललात, ड्रायव्हर. हुती की चावी माझ्याकडं." त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

पुढं कंपनीला कुणीतरी अक्कल दिली असावी. शेवंताबाईंना ऑफिसात बोलावून सांगितलं, जबाबदारी आमची नाही, पण माणुसकीच्या नात्यानं काही रक्कम देतो, इथं सही करा. रक्कम वाईट नव्हती. आम्ही सगळे त्यांच्या घरी गेलो. मी म्हणालो, "घ्या, मारुतराव. डोळं झाकून घ्या. कोर्टात चपला झिजतील."

"एकच झिजंल," ते म्हणाले. कुणाला हसू आलं नाही.

मग त्यांनी तो कागद पुढं केला आणि एका शब्दावर बोट ठेवलं. "हितं माणुसकी लिवलंय. ते खोडा, जबाबदारी लिवा. रक्कम निम्मी करा, माझं काय म्हननं न्हाय. आज माझ्यावर माणुसकी करतील, उद्या ह्यो सोमा-गोमा जळला तर म्हनतील आज आमाला माणुसकी न्हाय आली. मग?"

मी चिडलो. खरंच चिडलो, ओरडलो त्यांच्यावर. बायकोकडं बघा म्हणालो. शेवंताबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्याकडं कशाला बगायचं? मला वाचून दावलंय त्यानी." सही झाली नाही. नोकरी गेली. कोर्टात तारखा पडल्या आणि पडतच राहिल्या. मारुतराव कुबडी घेऊन गावी गेले.

शेवटचं दिसणं त्यानंतर तीनेक वर्षांनी. मी तिथंच होतो, बंबावर. फायरमन मात्र सगळे कंत्राटी झाले होते, म्हणजे आता तर कुणाचंच कुणी नाही. सकाळी दहा-अकराला फोन आला, वस्तीवर विजेच्या तारा एकमेकींना घासून उसात ठिणगी पडलीय. जाऊन बघतो तर मारुतराव बांधावर, कुबडीवर. ऊस त्यांचा आणि धाकट्या भावाचा, उत्तमचा. दोन घरं त्यावर चालायची. निम्मा फड पेटला होता. उरलेला निम्मा वाचवायचा तर जळालेल्या भागातून, तापलेल्या राखेतून आणि खोडक्यांतून पाइप घेऊन आत शिरायला हवं होतं. कडेवरून पाणी तिथवर पोचत नव्हतं.

माझ्याबरोबरचा एक फायरमन पाइप घेऊन निघाला. चाळिशीचा, तीन लेकरांचा बाप. मारुतरावांनी त्याच्या पायांकडं बघितलं. नायलॉनचे पांढरे खेळायचे बूट होते, बाजारातले.

"कुणी दिलं ह्ये?"

"माझंच हायती, काका. घेतलं मागच्या गुरवारी."

"खाली बस."

"काका, ऊस जातोय..."

"बस म्हनलं ना!" असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. कुबडी टाकून ते स्वतः बांधावर बसले आणि त्या माणसाचा घोटा दोन्ही हातांनी धरला. मला म्हणाले, "ड्रायव्हर, कडंनं मारा जेवढं पोचंल तेवढं. आत कुनी जायचं न्हाय."

उत्तम धावत आला. भावाला नको ते बोलला. म्हणाला, तुझा पाय गेला म्हणून आमचं पीक जाळतोस काय, मला दे तो पाइप. मारुतरावांनी मान वर केली. "तू बी न्हाय. पायात काय हाय तुझ्या?" उत्तमच्या पायात काहीच नव्हतं. तो तिथंच मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मी कडेनं पाणी मारत राहिलो, आणि सगळा ऊस आमच्या डोळ्यांदेखत गेला.

आग आपोआप बसली तेव्हा बारा वाजून गेले होते. आम्ही पाइप गुंडाळला, पंप बंद केला. त्या माणसाला हाक मारली तर तो तसाच बसून, म्हणाला, "सोडंनात." मारुतराव जळालेल्या उसाकडं बघत होते. मी जवळ गेलो, खाली वाकलो, आणि एकेक बोट सोडवून त्याचा पाय त्यांच्या हातातून काढून घेतला.